फेस अनलॉक दोन दिवस चालतं आणि परत बंद पडतं? चेहरा डिलीट करण्याआधी हे बघा

फेस अनलॉक सकाळी झटक्यात होतं, दुपारी रस्त्यात होत नाही, रात्री लाईट बंद केल्यावर तर अजिबातच नाही, मग माणूस वैतागून सेटिंगमध्ये जातो, चेहरा डिलीट करतो, परत रजिस्टर करतो, दोन-चार दिवस बरं चालतं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. आमच्या नात्यात, बिल्डिंगमध्ये कुणाचा फोन अडला की तो माझ्याकडे येतो, त्यामुळे ही तक्रार मी सारखी ऐकतो आणि जवळपास प्रत्येक जण तेच करून आलेला असतो, चेहरा उडवून परत घेतलेला. माझं म्हणणं आहे की हा उपाय सगळ्यात शेवटी करायचा. नवीन चेहरा घेतला की त्या दिवसाची दाढी, त्या दिवसाचा चष्मा, त्या खोलीतला उजेड सगळं ताजं जुळतं म्हणून दोन दिवस चालतं, पण काच मळलेली असेल किंवा स्क्रीन गार्ड चुकीचा बसलेला असेल तर ते कारण तिथेच असतं, ते परत डोकं वर काढणारच.

म्हणून आधी एक-दोन दिवस नुसतं लक्ष ठेवा की नेमकं कधी अडतंय आणि अडतं तेव्हा स्क्रीनवर काय दिसतं. तीन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. एक, फोन चेहरा बघायचा प्रयत्नच करत नाही, सरळ पिन मागतो. दोन, प्रयत्न करतो, कुलूप हलतं किंवा कॅमेऱ्याभोवती गोल फिरतो, आणि मग ओळखत नाही म्हणतो. तीन, फेस अनलॉक उपलब्ध नाही असा मेसेज येतो किंवा तो ऑप्शनच गायब होतो. तिन्हीची कारणं वेगळी, उपाय वेगळे.

त्याहीआधी एक बघून घ्या कारण यात खूप लोक फसतात, विशेषतः ज्येष्ठ मंडळी. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये चेहरा ओळखल्यावरसुद्धा लॉक स्क्रीनवरच थांबायचं अशी सेटिंग असते, म्हणजे कुलूप उघडलेलं असतं पण तुम्ही बोटाने वर सरकवलं नाही तर फोन तसाच उभा राहतो. काकू म्हणतात "उघडतच नाही रे", आणि बघावं तर वरचं छोटं कुलूप उघडं. सॅमसंग, शाओमी दोघांकडे फेसच्या सेटिंगमध्ये हे बटण आहे, स्टे ऑन लॉक स्क्रीन अशा काहीतरी नावाचं, ते बंद केलं की चेहरा दिसताच सरळ होम स्क्रीन येते.

आता पहिला प्रकार, फोन प्रयत्नच करत नाही. यातली निम्मी प्रकरणं बिघाडाची नसतातच, तो नियम असतो. फोन रीस्टार्ट केला की पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्न द्यावाच लागतो, कुठलाही फोन असो. अँड्रॉइडमध्ये गूगलने बायोमेट्रिकचे, म्हणजे चेहरा किंवा ठशाने ओळखायच्या पद्धतींचे, तीन वर्ग केलेत, क्लास ३ म्हणजे सगळ्यात पक्कं, मग २, मग १. साध्या सेल्फी कॅमेऱ्यावर चालणारं फेस अनलॉक बहुतेक खालच्या दोन वर्गांत येतं आणि त्यांना नियम कडक आहेत, २४ तासांतून एकदा तरी पिन मागायचाच, फोन ४ तास नुसता पडून राहिला तरी मागायचा आणि ३ वेळा चेहरा जुळला नाही तरी मागायचा. म्हणजे रात्री झोपताना फोन ठेवला आणि सकाळी उठून उचलला की पिन मागितला तर तो फोन बरोबर वागतोय. "रोज सकाळी बिघडतो आणि मग दिवसभर चालतो" अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो, रात्रभर हात लावला नव्हता ना.

आयफोनचे नियम थोडे वेगळे, तिथे फेस अनलॉकला फेस आयडी आणि पिनला पासकोड म्हणतात. ५ वेळा चेहरा जुळला नाही की पासकोड, ४८ तास फोन उघडलाच नाही की पासकोड, आणि एक कुणालाच माहीत नसलेला नियम म्हणजे साडेसहा दिवसांत एकदाही पासकोड टाकलेला नसेल आणि शेवटच्या ४ तासांत फेस आयडीनेही फोन उघडलेला नसेल तर पासकोड मागणार. त्यामुळे आठवड्यातून एखादवेळी उगाच मागितल्यासारखं वाटतं. शिवाय साइडचं बटण आणि आवाजाचं बटण एकदम दोनेक सेकंद दाबलं गेलं की पॉवर ऑफची स्क्रीन येते आणि फेस आयडी तेवढ्यापुरता बंद होतो, घट्ट जीन्सच्या खिशात किंवा भरलेल्या पर्समध्ये हे सहज होतं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, पासकोड टाकायचा आणि पुढे जायचं.

पण नियम नसतानाही फोन प्रयत्न करत नसेल तर मग दोन जागा तपासा. अँड्रॉइड १२ पासून वरून खाली ओढायच्या क्विक सेटिंगमध्ये कॅमेरा ॲक्सेस नावाची टाइल मिळते, ती बंद झाली की अख्ख्या फोनचा कॅमेरा बंद आणि कॅमेऱ्यावर चालणारं फेस अनलॉक पण बंद. घरात लहान मूल असेल आणि फोन त्याच्या हातात जात असेल तर ही टाइल पहिली बघा. दुसरं म्हणजे फोन उचलल्यावर स्क्रीन आपोआप लागायची सेटिंग. बॅटरी सेव्हर चालू झाला की बऱ्याच फोनमध्ये ही बंद पडते, मग तुम्ही फोन तोंडासमोर धरून वाट बघता आणि तो झोपलेलाच असतो. बॅटरी कमी झाल्यावरच फेस चालत नाही अशी तक्रार असेल तर कारण हेच. दुकानातून कुणीतरी घालून दिलेलं ॲप लॉक किंवा सुंदर लॉक स्क्रीनवालं ॲप असेल तर ते आधी काढून टाका, फोनच्या खऱ्या लॉकवर अजून एक स्वतःचं लॉक ते चढवतं आणि मग कुठलं कुलूप अडकलंय तेच कळत नाही.

दुसरा प्रकार हा खरा मोठा, प्रयत्न करतो पण ओळखत नाही. यासाठी तुमचा फोन चेहरा कशाने बघतो हे माहीत पाहिजे. आयफोनमध्ये, म्हणजे २०१७ च्या आयफोन टेनपासून पुढे फेस आयडीवाल्या सगळ्या मॉडेलमध्ये, वरच्या पट्टीत इन्फ्रारेड कॅमेरा आणि ठिपके टाकणारा प्रोजेक्टर असतो, तो डोळ्यांना न दिसणारे ३० हजारांवर ठिपके चेहऱ्यावर टाकून त्याचा उंचसखलपणा मोजतो. त्याला बाहेरच्या उजेडाची गरज नाही, काळोखातही चालतो. बहुतेक अँड्रॉइड फोन मात्र नुसत्या सेल्फी कॅमेऱ्याने तुमचा सपाट फोटो बघतात, आणि जिथे तुमची सेल्फी वाईट येईल तिथे फेस अनलॉक पण वाईटच चालणार, हे एवढं डोक्यात ठेवलं की अर्धं कोडं सुटतं. ओळखायचं कसं, तर अंधाऱ्या खोलीत स्क्रीनचा ब्राइटनेस अगदी कमी करून बघा, तरीही लगेच उघडला तर इन्फ्रारेड, आणि स्क्रीन स्वतःच पांढरीफक्क झाली किंवा ओळखलंच नाही तर साधा कॅमेरा. सॅमसंगमध्ये कमी उजेडात स्क्रीन उजळवायची वेगळी सेटिंग आहे, रात्रीच्या तक्रारीवर तोच उपाय, ती चालू करा.

साध्या कॅमेऱ्याला अंधारापेक्षाही जास्त त्रास पाठीमागच्या उजेडाचा होतो आणि हे लोकांच्या लक्षात येत नाही कारण त्यांना वाटतं भरपूर उजेड आहे की. खिडकीकडे पाठ करून बसलात, दुकानाच्या दारात बाहेर पाठ करून उभे राहिलात, एसटीत खिडकीच्या बाजूला बसलात की कॅमेरा मागच्या उजेडाप्रमाणे सगळं जुळवतो आणि तुमचा चेहरा काळा पडतो. थोडं वळा, उजेड चेहऱ्यावर येऊ द्या, तिथल्या तिथे उघडतो. दुपारी बारा-एकच्या उन्हात कपाळाची सावली डोळ्यांवर पडते आणि वर आपण डोळे बारीक करून बघतो, आणि ज्या फोनमध्ये डोळे उघडे असण्याची अट चालू आहे तो अशा मिचकावलेल्या डोळ्यांना मिटलेलेच समजू शकतो. तरी ती अट बंद करू नका असं मी सांगतो, नाहीतर तुम्ही झोपलेले असताना कुणीही फोन तुमच्या तोंडासमोर धरून उघडू शकतो.

आता काच. खरंतर यावरच वेगळं लिहायला पाहिजे इतक्या वेळा कारण इथेच सापडतं. फोनवर बोलताना वरचा भाग गालाला, कानाला टेकतो, तिथे घाम, क्रीम, डोक्याचं तेल लागतं आणि तो थर कॅमेऱ्याच्या बरोब्बर वर बसतो. पावसाळ्यात ओल्या खिशातून काढलेल्या फोनवर थेंब किंवा बाष्प असतं. शिवाय टेम्पर्ड ग्लासला कॅमेऱ्यापाशी जी गोल खाच किंवा फट ठेवलेली असते ना, तिच्यात खिशातला कापूसकचरा आणि धूळ गच्च बसते आणि नुसतं शर्टाला पुसून ती निघत नाही. चष्म्याचं मऊ फडकं किंचित ओलं करून पुसा आणि कडेची धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढा, टाचणी घालू नका, तिथेच वर इअरपीसची जाळी असते. काच स्वच्छ आहे की नाही हे बघायचं असेल तर सेल्फी कॅमेरा चालू करून ट्यूबलाईट फ्रेममध्ये घ्या, लाईटभोवती धुरकट वलय पसरलं तर काच मळलेली आहे किंवा गार्डवर बारीक चरे आहेत. पण ही परीक्षा आयफोनला पुरेशी नाही, कारण तिथे सेल्फी कॅमेरा वेगळा आणि चेहरा बघणारे इन्फ्रारेडचे भाग वेगळे, सेल्फी झकास येत असली तरी प्रोजेक्टरच्या समोर डाग असू शकतो, तेव्हा पूर्ण वरची पट्टी पुसायची.

काळ्या बॉर्डरचे गार्ड हा स्वतंत्र ताप आहे. रस्त्यावर मिळणारा स्वस्त ग्लास एका मॉडेलसाठी कापलेला असतो आणि दुकानदार तो जवळपासच्या दुसऱ्या मॉडेललाही लावून देतो, दिसायला बसतो, पण बॉर्डर मिलिमीटरभर सेन्सरवर चढते. किंवा लावताना तिरका बसतो, किंवा पडल्यावर वरचा कोपरा तडकतो आणि आपण "ग्लासच तर फुटलाय, स्क्रीन ठीक आहे" म्हणून महिनोन्महिने तसाच वापरतो. म्हणून चेहरा डिलीट करण्याआधी माझी एकच अट असते, गार्ड आणि कव्हर दोन्ही काढा आणि एक दिवस तसाच वापरून बघा. सुधारला तर नवीन गार्ड घ्या, पूर्ण पारदर्शक किंवा सेन्सरची जागा नीट मोकळी सोडणारा, आणि विषय संपला. पडायची भीती वाटत असेल तर तो एक दिवस रविवारचा निवडा.

मग तुमचा स्वतःचा चेहरा. श्रावणात दाढी न करणारे कितीतरी आहेत, महिनाभर वाढलेली दाढी आणि मग एका दिवसात सफाचट, यात साधा कॅमेरा गोंधळतो. आयफोन हळूहळू होणारा बदल शिकत जातो, आणि जिथे चेहरा थोडक्यात जुळायचा राहतो तिथे लगेच पासकोड टाकला तर त्या नवीन रूपाची नोंद तो करून घेऊ शकतो, म्हणून अडलं की चारदा तोंड वाकडं करून बघण्यापेक्षा सरळ पासकोड टाकलेला बरा. दुचाकीवरून जाणाऱ्या मुली स्कार्फ गुंडाळतात, त्यात फक्त डोळे दिसतात, आणि नाक-तोंड झाकलेला चेहरा साध्या कॅमेऱ्याने ओळखावा ही अपेक्षाच ठेवू नका. आयफोन १२ आणि पुढच्यांमध्ये २०२२ च्या आयओएस १५.४ या अपडेटपासून मास्कसह फेस आयडी चालू करता येतं, ते डोळ्यांभोवतीचा भाग बघतं, पण गॉगल घातलात तर तेही नाही. काही गॉगलच्या काचा इन्फ्रारेड अडवतात, तेव्हा एकाच गॉगलमध्ये अडतंय आणि दुसऱ्यात चालतंय असं होऊ शकतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना काही दिवस काळा चष्मा असतो, त्या काळात पिनच वापरा, चेहरा बदलून घेऊ नका, चष्मा उतरला की जुनंच परत चालेल. वयस्कर माणसं फोन एकतर हात पूर्ण ताणून लांब धरतात किंवा पोटापाशी खाली धरून वरून बघतात, आणि खालून बघणाऱ्या कॅमेऱ्याला हनुवटी आणि नाकपुड्याच दिसतात. साधारण २५ ते ५० सेंटीमीटर अंतर आणि फोन चेहऱ्यासमोर, एवढंच जमवायचं. गाडीवर होल्डरमध्ये फोन आडवा लावत असाल तर आयफोन १३ आणि त्यापुढच्यांनाच आयओएस १६ पासून आडव्यात फेस आयडी चालतं, आधीच्यांना उभाच लागतो.

हे सगळं तपासून झालं आणि तरीही ओळखत नसेल तर आता चेहरा परत घ्या, पण नीट घ्या. काच पुसलेली, गार्ड योग्य, दिवसा खिडकीकडे तोंड करून, थेट ऊन चेहऱ्यावर नको. रोज चष्मा लावत असाल तर चष्म्यासकट. फोन तुम्ही एरवी जसा धरता तसाच धरा, रजिस्टर करताना सगळे ताठ बसून पासपोर्टच्या फोटोसारखं बघतात आणि नंतर दिवसभर खाली मान घालून फोन वापरतात, मग जुळणार कसं. त्यानंतर दुसरं रूप जोडायची सोय वापरा, सॅमसंगमध्ये अल्टरनेटिव्ह लुक आणि आयफोनमध्ये अल्टरनेट अपिअरन्स म्हणून आहे, तिथे बिनचष्म्याचा किंवा ओढणी घेतलेला चेहरा घ्या. बरेच जण त्या जागी नवरा किंवा बायकोचा चेहरा टाकतात, चालतं तेही, फक्त मग तुमच्या स्वतःच्या दुसऱ्या रूपाला जागा उरत नाही.

मध्येच एक सांगायचंय. "त्रास देतंय तर बंद करून टाका, बोटाचा ठसा वापरा" असा सल्ला घरच्या मोठ्यांना सर्रास दिला जातो. शेतात राबलेल्या, भांडी घासून, सिमेंट कालवून झिजलेल्या बोटांचा ठसा सेन्सरला लागत नाही, कित्येक आयांचं ओल्या हातांनी काम चाललेलं असतं, आणि लांबलचक पिन लक्षात राहत नाही म्हणून तो कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवलेला असतो. या माणसांसाठी चेहरा हाच सगळ्यात सोपा रस्ता आहे. त्यांचा फोन हातात आला तर पाच मिनिटं जास्त द्या आणि नीट करून द्या.

अजून एक तक्रार वारंवार येते, फोन चेहऱ्याने उघडतो पण बँकेच्या ॲपमध्ये फेस चालत नाही, तिथे बोटच मागतो. हा बिघाड नाही. अँड्रॉइडमध्ये अशी ॲप साधारणपणे क्लास ३ चंच बायोमेट्रिक मानतात, म्हणजे ज्याला खोट्या चेहऱ्याने किंवा ठशाने फसवायचे प्रयत्न ७ टक्क्यांपेक्षा जास्त वेळा यशस्वी होता कामा नयेत, आणि क्लास १ मध्ये हेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर असू शकतं. गूगलच्या स्वतःच्या २०२२ च्या पिक्सेल ७ मध्ये फेसने फक्त फोन उघडायचा, पैशासाठी नाही, आणि पुढच्या वर्षीच्या पिक्सेल ८ मध्ये ते क्लास ३ झालं तेव्हा ॲपमध्येही चालायला लागलं. तुमच्या फोनची फेस सेटिंग नीट वाचा, फोटोने किंवा तुमच्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने फोन उघडू शकतो असं बहुतेक कंपन्यांनी तिथे लिहिलेलंच असतं. जुळी भावंडं असतील तर आयफोनमध्येही धोका वाढतो, आणि १३ वर्षांखालच्या मुलांचेही चेहरे पुरते वेगळे झालेले नसतात.

पेन्शनवाल्यांसाठी एवढंच, हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून जे चेहऱ्याने प्रमाणीकरण होतं त्याचा फोनच्या फेस अनलॉकशी काही संबंध नाही. तिथे कॅमेऱ्याने घेतलेला चेहरा आधारच्या नोंदीशी जुळवला जातो. ते अडलं म्हणून फोनमधला चेहरा डिलीट करू नका, उजेडाकडे तोंड करा आणि काच पुसा, तो उपाय मात्र तिथेही लागू आहे.

तिसरा प्रकार, मेसेज येतो की फेस आयडी उपलब्ध नाही, किंवा रजिस्टर करताना आयफोन सारखा म्हणतो फोन थोडा वर धरा, थोडा खाली धरा, आणि काहीही केलं तरी पुढे जातच नाही. काच साफ असून, गार्ड काढून, अपडेट आणि रीस्टार्ट करूनही हेच असेल तर हार्डवेअर गेलेलं आहे असं धरा. पाणी गेलं असेल, पडला असेल, पण मला सगळ्यात जास्त दिसतं ते स्क्रीन बदलल्यानंतर. आयफोन टेनपासून १२ पर्यंतच्या मॉडेलमध्ये इअरपीसच्या पट्टीवरच चेहऱ्यावर इन्फ्रारेड उजेड टाकणारा भाग असतो आणि ती पट्टी स्क्रीनला चिकटलेली असते, स्क्रीन बदलताना जुनीवरून काढून नवीनवर लावावी लागते. ती फाटली की फेस आयडी गेला, आणि दुसऱ्या फोनची पट्टी आणून लावली तरी चालत नाही कारण हे भाग त्या त्या फोनच्या बोर्डाशी बांधलेले असतात. आयफोन १३ आला तेव्हा तर बाहेर स्क्रीन बदलली की फेस आयडी बंदच व्हायचा, नंतर ॲपलने आयओएस १५.२ मध्ये ते सोडवलं. एका ओळखीच्यांचा फोन असाच स्क्रीन टाकून आला आणि दुकानदार म्हणाला फेस आधीपासूनच बंद होता, आता सिद्ध कसं करणार. म्हणून स्क्रीन बदलायला देताना काउंटरवर दोघांसमोर फेस आयडी चालवून दाखवा, बिलावर तसं लिहून घ्या, आणि परत घेताना पैसे देण्याआधी पुन्हा चालवून बघा.

अँड्रॉइडवाल्यांचं यात बरं आहे, साध्या फोनमध्ये सेल्फी कॅमेरा हा सुटा भाग असतो आणि तो बदलता येतो. आधी कॅमेरा ॲप उघडून सेल्फी धूसर येते का, काळी येते का, ॲपच बंद पडतं का ते बघा. स्क्रीन बदलल्यावर धूसर यायला लागली असेल तर काचेच्या आतून धूळ गेलेली असू शकते किंवा नवीन स्क्रीनचं भोक कॅमेऱ्यासमोर नीट आलेलं नसतं, ज्याने बसवली त्याच्याकडेच परत घेऊन जा, ते उघडून साफ करून नीट बसवायचं काम आहे, नवीन कॅमेऱ्याचे पैसे लगेच देऊ नका. सेल्फी स्वच्छ येत असेल आणि फेस तरीही नाही तर सेल्फीचा एक नमुना आणि कधी-कुठे अडतं हे लिहून सर्व्हिस सेंटरला न्या, जाण्याआधी फोटो आणि चॅटचा बॅकअप घ्या, कारण तिथे पहिली गोष्ट फोन रीसेट करायचीच सांगतात.